कतला कोण्या कंपनीचा?

आमचे धोंडबा भाऊजी म्हणजे एक नंबरचं आडमुठं बेणं. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणून मी बोलते. दुसऱ्यानं बोलून तर पाहावं! कापडाच्या मिलमधी कामाले होते. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन घरी आले अन् दारातूनच माझ्या ताईले म्हणाले, "सिंधू, आजपासून 'जात' हा शब्द या घरात बंद."

बंद म्हणजे बिलकुल बंद. बर्डीच्या बाजारातला आंबेवाला म्हणे, "ही जात गोड आहे जी," की भाऊजी पिशवी झटकून उभे. "आम्ही जात सोडली, अन् तू आंब्याले काहून चिकटवून राहिला बे?" मंग त्यायनंच नवा शब्द काढला, कंपनी. तांदूळ कोण्या कंपनीचा? बोकड कोण्या कंपनीचा? त्यायची पोरगी प्रेमिला 'मुलगी शाळेत जात आहे' असं वाचे, तरी यांचे कान उभे!

त्याच प्रेमिलाले चौऱ्याहत्तर साली कामठीचं स्थळ आलं. मुलगा रविंद्र, एम.एस्सी., कॉलेजात शिकवे. पोरीनं त्याले मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं अन् तेव्हापासून वरणात दोनदा मीठ टाकत होती. मले म्हणे, "मावशी, केलं तर इथंच, नाहीतर मी लग्नच करत नाही." मी म्हटलं, "घे वं माय! मंग तुझ्या बापाले जास्त बोलू देऊ नको."

रविवारी रविंद्र अन् त्याचे वडील बाबनराव जेवायले येणार होते. भाऊजीनं स्वतः बाजारातून कतला आणला. पोट हे एवढं! "अंड्यानं भरली आहे मासोळी," म्हणून मिशीवर ताव. मी विळ्यानं पोट चिरलं, तर अंडी कुठली! पांढऱ्या फितीसारखा लांब, चपटा जंत, तो बी जिता, वळवळत परातीत आला. मी अशी किंचाळली, की दारात जोडे काढून राहिलेले पाहुणे जोड्यासकट स्वयंपाकघरात.

रविंद्र तर पाहून हरखलाच. "मावशी, टाकू नका! रिकामी बाटली आहे का?"

बाबनरावनं कपाळावर हात मारला. "घरी बी असंच करते जी. याची आई वैतागली."

भाऊजीले मात्र पोरगं आवडलं. कौतुकानं पुसलं, "कॉलेजात तुम्ही काय करता जी?"

"शिकवतो. अन् माशांच्या जाती ओळखतो."

झालं! माझ्या हातचा विळा तसाच राहिला.

"काय ओळखता?"

"जाती. आपल्या तलावातली मासोळी कोण्या जातीची, कोण्या कुळातली..."

"कूळ बी!" भाऊजी ताडकन उभे. "माणसाच्या पुरल्या नाहीत, म्हणून आता माशाच्या काढून राहिले? बाबनराव, जयभीम. या तुम्ही!"

"अहो, आम्ही बी त्याच मैदानावर दीक्षा घेतली..."

"मंग पोराले काहून सांगितलं नाही?"

दाराआड प्रेमिलाच्या डोळ्यातून धार लागली. मले असा राग आला! एका शब्दापायी पोरीचा संसार मोडतो का हा माणूस? तेवढ्यात पोरगीच पुढं आली.

"बाबा, त्या जंताले पुसा ना. तो जात पाहून शिरला का?"

शाब्बास! आता रविंद्रनं 'नाही' म्हणायचं अन् मिटलं. मी त्याले डोळ्यानं खुणावलं बी. पण ते शिकलेलं गधडं!

"खरं सांगू का," तो म्हणे, "हा पाहूनच शिरते. रोहू, कतला, मिरगल, सारे एकाच कुळातले. हा त्यायच्यात घर करते. मरळ दुसऱ्या कुळातली, तिच्या पोटात सहसा जात नाही."

संपलं, पोरी! मी मटकन खालीच बसली.

भाऊजी परातीकडे पाहून राहिले. "म्हणजे जात पाहते, तो हा?"

"हो जी."

"अन् आत शिरून काय करते?"

"माशाचंच खाऊन वाढते. अंडी बी होऊ देत नाही. वरून पाहणाऱ्याले वाटते, पोट भरलं आहे."

भाऊजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "बाबनराव, अठरा वर्षं लोकायले समजावून राहिलो, पण असं सांगता नाही आलं. जात पाहून शिरते तो जंत असते जी." मंग माझ्यावरच ओरडले, "गोपिका, बसून काय राहिली वं? जावयाले बाटली दे!"

त्या दिवशी पाहुण्यायले वांग्याच्या भाजीवर भागवावं लागलं. लग्नात रविंद्रनं तोच जंत औषधाच्या पाण्यात घालून सासऱ्याले आहेर केला. आता बी कोणी घरी येऊन म्हटलं, "स्थळ पाहा, पण आपल्यातलंच पाहा," की भाऊजी चहाच्या आधी ती बाटली त्याच्यापुढं आणून ठेवतात.