हार घातलेल्या मशीनपुढे पाय

देवाशी माझं भांडण प्रदक्षिणांवरून सुरू झालं. दिल्लीचा जून, मंदिराची तापलेली फरशी आणि मी अनवाणी. अकरा प्रदक्षिणा बोलले होते, अकरा घातल्या. मधुमेहामुळे तळपायाला चटका कळत नाही. घरी येऊन बघते तर अंगठ्याखाली हा एवढा फोड! "सेवा तुझी, आणि फोड मला? वा रे वा!" असं मी देव्हाऱ्यापुढे चक्क बोलून दाखवलं. नोकरीत असताना साहेबांनाही सोडलं नाही, तिथे देवाला कशाला सोडू?

फोडाची जखम झाली आणि तिने तीन महिने मुक्काम ठोकला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग रिपोर्ट आला, की जखमेतले जंतू एकाही औषधाला जुमानत नाहीत. "अगदी तुझ्यावर गेलेत," हे म्हणाले. एरवी मी हसले असते. पण डॉक्टरांनी अंगठा काढावा लागेल असं सांगितलं होतं आणि मी आतून पार घाबरून गेले होते. जप करायला बसले की माळ हातात नुसती धरलेली असायची, लक्ष सगळं पायाकडे.

त्याआधी एक नवा उपाय करून बघू, असं डॉक्टरच म्हणाल्या. जखमेवर निळा रंग लावायचा, तो अंधारात मुरू द्यायचा आणि मग त्यावर लाल उजेड सोडायचा. रंग एकटा फारसं काही करत नाही, उजेडही नाही. दोघं एकत्र आले की औषधांना न बधणारे जंतूसुद्धा मरतात म्हणे. खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

गेलो तो नेमका विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे दसऱ्याला करतात तशी इकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात. रंग लावून झाला, पाय काळ्या कापडात गुंडाळून मी पंधरा मिनिटं बसले. मग टेक्निशियनने पडदा सरकवला. बघते तर उजेडाच्या मशीनला गंधाचा टिळा आणि वर झेंडूचा भलामोठा हार!

"माताजी, पैर इसके सामने रखिए."

मी पाय आखडून घेतला. आमच्याकडे वहीला पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि मी हार घातलेल्या देवापुढे पाय पसरू? "हार हटा देता हूँ," तो म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले, "पूजा का हार ऐसे उतारते हैं क्या?" डॉक्टर धावत आल्या, आधी हारावरून त्याला आणि मग हट्टावरून मला रागावल्या. यांनी कपाळाला हात लावला. रंग पायावर वाळत चालला होता आणि मी आपली रडकुंडीला येऊन "नको, नको" करत होते.

माझ्यानंतर नंबर असलेले एक हरियाणवी ताऊ हे सगळं बघत होते. दंडाला ही जाडजूड पट्टी. ते उठले, मशीनला हात जोडले, चांगल्या हाताने हार अलगद काढला आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातला.

"ले बहन, इब भगवान मेरे गले में सै. तू आराम तै पाँव धर."

आणि ते पडद्यापलीकडे, माझ्या डोक्याच्या बाजूला, नवरदेवासारखे ताठ उभे राहिले. उजेड बंद होईपर्यंत हलले नाहीत. मी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी जप मनापासून झाला. निघताना त्यांना वाकून नमस्कार करायला गेले, तर "आरै, के करै सै!" म्हणत ते हारासकट मागे सरले.

सहाव्या खेपेला जखमेत गुलाबी मांस दिसायला लागलं. अंगठा राहिला. रंगाने राहिला, उजेडाने राहिला, की मी जिलेबी सोडली म्हणून, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. ताऊंचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, त्याची चुटपुट आहे. डोकं मी रोजच देवापुढे टेकवत आले, अगदी भांडतानासुद्धा. त्यात माझं काहीच जात नव्हतं. किडलेला, घाणेरडा, लाज वाटणारा पाय त्याच्यापुढे ठेवायला मला एकसष्ट वर्षं लागली, आणि त्याने नेमका तोच मागितला होता.