आईची वाटेतली स्टेशनं

बंगळुरात इतकी वर्षं गाडी चालवल्यामुळे मी स्वतःला उत्तम ड्रायव्हर समजत होतो. मारतहळ्ळीच्या पुलाखाली समोरच्या गाडीपासून चार बोटांचं अंतर ठेवून सरकायचं, मध्ये घुसू पाहणाऱ्या रिक्षाला घुसू द्यायचं नाही आणि ऑफिस येईपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, ही कला मला साधली होती. गाडी ऑटोमॅटिक. वेग पन्नासच्या वर गेला की मलाच जरा चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या या कौशल्याबद्दल शंका होती ती फक्त आईला. ती नागपूरला राहते. पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा यशवंतपूर स्टेशनवरून घरी आणताना मी तिला माझं सगळं कसब दाखवलं होतं. घरी पोचल्यावर ती सोफ्यावर बसली, पाणी प्यायली, आणखी पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरगा तू चांगला आहेस. पण मी आता बसनं फिरीन."

आणि फिरली. बनशंकरीला माझ्या सासुरवाडीला जायचं तर बस, भाजीला जायचं तर रिक्षा. बंगळुरातल्या रिक्षावाल्यावर तिचा विश्वास होता आणि पोटच्या पोरावर नव्हता! हे मला फार लागलं. म्हणून या हिवाळ्यात ती आली तेव्हा मी समुद्राचा बेत काढला. सत्तरीला आलेल्या आईनं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता, हे खरंच. पण समुद्र हे निमित्त. मला तिला माझ्या गाडीत बसवायचं होतं, आणि मध्येच न उतरता परत आणायचं होतं.

बेत मी माझ्या पद्धतीनं केला. पहाटे तीनला निघायचं, मंगळुरूपासून कारवारपर्यंत किनाऱ्यानं वर जायचं आणि तीन दिवसांत अकरा बीच करायचे.

"अकरा?" आई म्हणाली. "अन् समुद्र किती?"

"एकच."

"मग एकाच जागी बसून पाहू न बापा. त्याला अकरा ठिकाणी काहून गाठायचं?"

बायको हसली. ती बंगळुरातच जन्मलेली, जुन्या मराठी घरातली. तिच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असतं की माहेरी कुणाला ते कळतही नाही. "सरी, ठीक आहे, आई म्हणतात तेच बरोबर," ती म्हणाली. "आणि तीनला निघून कुणाला गाठायचंय तुला? उजाडल्यावर निघू. अंधार पडायच्या आत मुक्काम. दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे." अकराचे तीन बीच झाले आणि तीन दिवसांचे सहा.

मग आईनं आपली अट सांगितली. किनाऱ्याच्या रस्त्याला लागूनच रेल्वे जाते, हे तिनं शेजारच्या अक्कांकडून काढून घेतलं होतं. "उडुपी, कुंदापूर, भटकळ, होन्नावर, कुमठा," तिनं बोटांवर मोजलं. "जिथं मला भीती वाटंल त्याच्या पुढच्या स्टेशनवर तू मला सोडायचं. मी गाडीनं परत येईन. रुसायचं नाही."

तिच्या तोंडी गाडी म्हणजे रेल्वे. माझी ती 'तुझं ते वाहन'.

पहिला दिवस सकलेशपूरपर्यंत झकास गेला. आई मागे, बायको माझ्या शेजारी. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा म्हटल्यावर आईनं एकदाच विचारलं, "बांधून ठेवण्याइतकं वाईट चालवतो का?" एवढंच. रात्री लॉजवर ती गाढ झोपली आणि मी मनातल्या मनात कारवारला पोचलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी घाट. उतार सुरू झाला आणि मी पुलाखाली शिकलेली विद्या काढली. ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच. वळणामागून वळणं, दोन्हीकडे दाट झाडी, पुढे एक ट्रक, आणि मी अगदी सावकाश, अगदी सभ्यपणे, सतत ब्रेक दाबत खाली चाललो होतो. आपण किती सांभाळून चालवतोय हे आईला दिसतंय ना, म्हणून आरशात तिच्याकडे पाहतही होतो.

"काहीतरी जळून राह्यलं," आई म्हणाली.

"काही नाही. त्या ट्रकचा वास."

ट्रक पुढच्या वळणावर बाजूला थांबला. वास आमच्याबरोबर आला.

"अजून येऊन राह्यला."

"काही नाही गं. तुझ्या डब्यातल्या चकल्यांचा असेल."

हे वाक्य मी खरोखर बोललो. आईच्या चकल्यांना जळका वास! बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "स्वल्प थांब कुठेतरी." मी ब्रेक दाबला. तो नेहमीपेक्षा जास्त आत गेला. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसा. माझे कान गरम झाले आणि तोंडानं मात्र सवयीनं म्हटलं, "काही नाही, काही नाही."

सुदैवानं गाडी हळू होती आणि पुढेच रस्ता जरा रुंद होऊन एक चहाची टपरी होती. मी गाडीला तिथं नेऊन कशीबशी उभी केली, हँडब्रेक ओढला. पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता.

आई उतरली, टपरीच्या बाकावर जाऊन बसली आणि टपरीवाल्याला तिनं मराठीतच विचारलं, "अण्णा, घाट उतरला की पहिलं स्टेशन कोणतं?"

त्याला स्टेशन एवढं कळलं. "सुब्रह्मण्य रोड," तो म्हणाला.

संपलं. तीन बीच राहिले, एकही न बघता आई परत जाणार होती. मी बोनेट उघडलं. बोनेटमध्ये काही नव्हतं, पण काहीतरी उघडल्याशिवाय बरं दिसत नव्हतं. मग गाडीसोबत आलेलं पुस्तक खणातून काढलं. ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. त्यात घाटाचं स्वतंत्र पान होतं: लांब उतारावर खालचा गिअर धरून ठेवा, इंजिन स्वतःच गाडीला अडवेल, ब्रेक लागेल तेवढाच दाबा आणि सोडा. माझ्या ऑटोमॅटिक गाडीला असा खालचा गिअर असतो, हे मला तेव्हा कळलं. गिअरच्या दांड्याजवळचं ते अक्षर मी इतकी वर्षं नक्षी समजत होतो.

मी पाण्याची बाटली घेऊन चाकांकडे निघालो तर बायकोनं ती काढून घेतली. "तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही म्हणून लिहिलंय. पुढची ओळ वाच." मी पुढची ओळ वाचली. मग आईशेजारी जाऊन बसलो.

"ब्रेक तापलेत," मी म्हणालो. "वास त्यांचाच होता. मी चुकीचं चालवत होतो. आता ते आपोआप निवेपर्यंत इथंच बसायचं."

आईनं बशीत चहा ओतला. "हे तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"अरे, जळल्याचा वास आला की बाई घाबरत नाही, गॅस बघते. मला भीती वाटते तू 'काही नाही' म्हणतोस तेव्हा. त्या दिवशी यशवंतपूरहून येतानाही तेच. धाडकन ब्रेक, अन् काही नाही. कुणी शिव्या देऊन राह्यलं, अन् काही नाही. मला मागं बसून काय झालं ते कळंच ना." तिनं चहा संपवला. "पुढं जाईन. पण जे दिसंल ते मोठ्यानं सांगायचं."

"सगळं?"

"सगळं."

ब्रेक पूर्ण निवल्यावर, पायाला पुन्हा घट्ट लागल्यावर, आम्ही खालच्या गिअरमध्ये घाट उतरलो. इंजिन घोंघावत होतं. मी पुजाऱ्यासारखा अखंड बोलत होतो. "वळण आलं. समोरून बस येतेय. मी डावीकडे घेतो. ब्रेक दाबला. सोडला." मंगळुरूत गॅरेजमध्ये ब्रेक तपासून घेतले. आई तिथंही शेजारी उभी राहून म्हणाली, "त्यांनाही सगळं सांग." मी सांगितलं, चकल्या वगळून.

किनाऱ्याचा रस्ता लागला तसं माझ्या बोलण्यात बरं काही येऊ लागलं. नारळाची बाग. खाडी. पुलावर वारा आहे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलंय. समोरच्या गाडीपासून अंतर सोडलं की कुणीतरी येऊन त्या मोकळ्या जागेत घुसायचं. पहिल्यांदा मला घर लुटल्यासारखं वाटलं. मग मी पुन्हा अंतर सोडायचो. मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसला तेव्हा मी गप्प झालो, तर मागून आवाज आला, "बंद काहून पडला?"

"समुद्र आलाय."

"तो मला दिसून राह्यला. तू रस्त्याचं सांग."

तिथं मी गाडी लावली आणि ती दुपारभर वाळूत बसली. एकाच जागी, तिनं म्हटल्याप्रमाणे. लाटांकडे बघत राहिली. "हा थकत नाही," एवढंच म्हणाली.

पण उडुपी, कुंदापूर, भटकळ, होन्नावर अशा प्रत्येक स्टेशनच्या पाटीला मला तिची अट आठवतच होती. पाटीही मी इमानदारीनं वाचून दाखवायचो. कुमठ्याची पाटी वाचली आणि आई म्हणाली, "थांबव."

मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घेतली. "थांबवली," मी म्हणालो. "उजवीकडे स्टेशन आहे. माझा घसा कोरडा पडलाय."

"घशाचं नको सांगू," असं म्हणत ती उतरली आणि पुढचं दार उघडून बायकोला म्हणाली, "पोरी, तू जरा मागं जा. इथून नीट दिसत नाही मला."

बायको मागे गेली. आईनं पट्टा ओढला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि काचेतून समोर बघू लागली. "मागून सायकल येऊन राह्यली. जाऊ दे तिला. हं, आता निघ."

मी निघालो. अर्ध्या तासानं मागे बायकोचं घोरणं ऐकू आलं. पुढे नारळांनी भरलेला ट्रक रमतगमत चालला होता आणि बाजूला रस्ता लांबवर मोकळा होता.

"आई, ट्रक मागे टाकू का?"

तिनं ट्रककडे बराच वेळ पाहिलं. "कशाला? चांगला चालून राह्यला तो."

मग आम्ही त्याच्यामागून, भरपूर अंतर सोडून, अंकोल्यापर्यंत गेलो.