सत्काराची कॉफी

मुलीकडे अमेरिकेत असताना शेजारच्या सलमाबाई मला त्यांच्या लेबनीज मंडळाच्या सत्कार समारंभाला घेऊन गेल्या. भिंतीवर त्यांच्या समाजातल्या नामवंतांचे फोटो होते. कुणी सिनेटर, कुणी हृदयाचा डॉक्टर, कुणी गायक. फोटोंना हार नव्हते, एवढे सोडले तर सगळे आपल्याकडच्या सत्कारासारखेच होते. एक तरुण वकील समाजाचे योगदान सांगत होता आणि योगदान संपत नव्हते.

सलमाबाईंचे लक्ष मांडीवरच्या फोनवर होते. दक्षिण लेबनॉनमधल्या त्यांच्या गावावर बॉम्ब पडले होते आणि तिथली धाकटी बहीण फोन उचलत नव्हती.

"हा सिनेटर लहानपणी आमच्या दुकानातले ऑलिव्ह चोरायचा," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तेही योगदान सांग म्हणावं."

परक्या देशात मोठे झालेल्यांचे फोटो लागतात. मागे राहिलेल्यांच्या फक्त बातम्या येतात.

त्यांची भाची कॉफी घेऊन आली. एक घोट घेऊन सलमाबाई थांबल्या.

"साखर कुठंय?"

"विसरले, आत्या."

"कधी गेली ती?"

भाची रडू लागली. त्यांच्याकडे मयताच्या घरीच बिनसाखरेची कॉफी देतात. समारंभ होईपर्यंत सलमाबाईंना सांगायचे नाही, असे स्वयंपाकघरात ठरले होते. पण बातमी ऐकलेल्या बायकांनी सवयीने सगळ्यांसाठीच तशी कॉफी उकळली होती.

सभागृहातल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून कप खाली ठेवले. सगळे शांत झाले. अमेरिकेतच जन्मलेल्या वकिलाला वाटले, भाषण रंगले. त्याने आवाज चढवला.