सुमेधाताईंनी सुधारलेला डबा

सुमेधाताई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत, आणि ते मी कधी लपवलंही नाही. महाप्याच्या एका कंपनीत जन्मभर लोकांना कामाला जुंपून निवृत्त झाल्या, घरी करमेना, म्हणून आमच्या संस्थेच्या मानगुटीवर येऊन बसल्या. जुईनगरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवायचा, एवढंच आमचं काम. बाई कष्टाळू, हे मान्य. भाजी निवडायलाही मांडी घालून बसायच्या. पण चाललेलं काही मोडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"स्टीलचे डबे बंद," त्यांनी बैठकीत जाहीर केलं. "परत आणा, घासा, केवढी मॅनपॉवर फुकट! वापरून फेकायचे डबे आणू. रायडर दाराला पिशवी अडकवेल, फोटो टाकेल, इथे स्क्रीनवर हिरवा ठिपका. विषय संपला."

"आणि सगुणामावशींची साखर?" मी विचारलं.

सगळे हसले. सगुणामावशी मूळच्या करावे गावच्या. मुलानं, केतननं, त्यांना इथल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः पनवेलला राहायला गेला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हा रिवाज मावशी काही केल्या मोडत नसत. घासलेल्या डब्यात चिमूटभर साखर, नाहीतर मूठभर सुका जवळा असायचाच. "रिकामा कसा देऊ गो बाय? बरा नाय दिसत." त्यांचं पाहून बाकीचेही काहीबाही घालू लागले होते. एखादा डबा रिकामा आला, की आमच्यातलं कोणीतरी चपला अडकवून त्या घरी बघायला जायचं.

हे सगळं मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "साखरेवर संस्था चालत नाही."

संस्था चालली, अगदी धावली. डबे दुप्पट झाले, नावीन्याचं बक्षीस मिळालं, ताईंचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागला.

मग एका दुपारी मी सहज स्क्रीन बघत होते. सगुणामावशींच्या दाराचा फोटो आला. एकाच कडीला दोन पिशव्या लटकत होत्या, कालची आणि आजची. शेजारी हिरवा ठिपका.

आम्ही धावत जाऊन दाराचं कुलूप तोडलं. मावशी न्हाणीत आदल्या दिवसापासून पडून होत्या. खुबा मोडलेला, ओठ सुकलेले. जीव होता, एवढंच.

"रायडरनं सांगायला नको?" ताई म्हणाल्या.

"त्याच्याकडे तुम्ही फोटो मागितलात, माणूस नाही!" मी सगळ्यांदेखत ओरडले. माझा नुसता संताप झाला होता. ताई खुर्चीत बसल्या.

दोन दिवसांनी त्या घरच्या स्टीलच्या डब्यात मऊ भात घेऊन इस्पितळात निघाल्या. मीही गेले, बाईंचा भरवसा नव्हता मला. मावशींनी चार घास खाल्ले. त्यांच्या सुनेनं, रंजितानं, डबा घासून आणून मावशींच्या हातात दिला. उशाशी चहाबरोबर आलेली साखरेची पुडी होती. ताईंची नजर त्या पुडीवर होती. मावशींनी पुडीकडे पाहिलं, डब्याला झाकण लावलं आणि डबा ताईंपुढे धरला.

लिफ्टपाशी ताईंनी झाकण उघडलं. आत बघून डबा मला दाखवला.

"स्वच्छ आहे की," मी म्हटलं. "तुम्हाला असाच हवा होता ना?"