सुमन, कुलूप लागलं

सुमनताई दाराला कुलूप लावायच्या, एकदाच ओढून बघायच्या आणि ठणठणीत आवाजात म्हणायच्या, "सुमन, कुलूप लागलं!" मग मागे वळून न बघता जिना उतरायच्या. परळच्या आमच्या चाळीत लग्न होऊन आले, त्या पहिल्याच आठवड्यात मी हे ऐकलं. मजल्यावर दुसरी सुमन नव्हती. मग ही बाई सांगते कुणाला? मला लगेच संशय. मी आहेच तशी. दूधवाला हसला तरी मला दुधात पाणी दिसतं!

त्या निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी खोली वॉर्डासारखी लख्ख. शेवटी एकदा मी विचारलंच. त्या हसल्या. "अगं, आधी मी नाक्यावरून पाच-पाचदा परत यायचे. लागलं की नाही, लागलं की नाही. ड्युटीला रोज लेट. मग ठरवलं, स्वतःलाच मोठ्याने साक्ष द्यायची. नाक्यावर भीती आली की तिला विचारायचं, पाहिलंस की वाटलं?"

मला तेव्हा हे खूळच वाटलं.

मग माझ्या मानेवर बोराएवढी गाठ आली. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू. मी साफ नाही म्हटलं. सुई लागली की गाठ पसरते, हे चाळीत कोणीही सांगेल! तळमजल्यावरच्या परबवहिनी सुईनंतर सहा महिन्यांत गेल्या होत्या. शिवाय डॉक्टरांचं आणि लॅबवाल्याचं साटंलोटं असणार, याचीही मला खात्री होती. दीड महिना मी ओढणी गुंडाळून फिरले. नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिची वेणी मी रोज दोनदा सोडून पुन्हा घालायचे.

ताईंनी मात्र ओढणी बरोब्बर हेरली. "एवढ्या उकाड्यात?" म्हणत त्यांनी ती बाजूला केली, गाठ चाचपली. मी परबवहिनींचं सांगितलं.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"सगळेच म्हणतात, ताई."

"तू डॉक्टरवर संशय घेतेस, लॅबवाल्यावर घेतेस. घे ना, कोण नको म्हणतंय? पण मग भीतीवरही घे. ती काय तुझी मावशी लागते? खाली परब बसलेत, जा, विचार."

मला राग आला. पण गेले. परबकाकांना, वहिनींच्या यजमानांना, सरळच विचारलं. ते म्हणाले, "आठ म्हयने नुसतो लेपच लावीत रवली गो ती. सुयेक आमीच भियालो. शेवटाक नेली, तेव्हा काय उरला नव्हता."

मी वर जाऊन गळ्यातली ओढणी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुईसाठी ताई दवाखान्यात बरोबर आल्या. बाकावर संमतीचा कागद भरताना त्यांनी माझा हात धरला, तर त्यांचाच तळवा घामाने ओला!

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"मग? नर्सला भीती नसते? येऊ दे तिला, बाजूला बसू दे. सही मात्र तिला करू द्यायची नाही."

गाठ टीबीची निघाली. गोळ्या संपेपर्यंत ताई रोज सकाळी दारात उभ्या राहायच्या. घेतली म्हटलं तर विश्वास नाही, तोंड उघडून जीभ दाखवायला लावायच्या. संशयात माझ्या वरचढ!

गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांचा भाचा आला होता. निघताना त्याने खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढे गेला. मी कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं. साक्ष द्यायची राहिलीच. तशीच पिशवी घेऊन खाली उतरले.

नाक्यावर आले आणि संशयाचा किडा वळवळला. लागलं ना नीट? पाय थांबले. मागे फिरावंसं फार वाटलं. पण मी पाहिलं होतं, माझ्या या डोळ्यांनी.

"लागलं हो, ताई," मी भर रस्त्यात मोठ्याने म्हटलं. भाजीवाली माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मी डोळे पुसले आणि तिच्याकडून मेथी घेतली.