कड बघून सांगणारे रावतजी

माझ्या बॅगेच्या तळाशी झिजलेली नोझलं साठत जातात. कुठलं कुठल्या फॅक्टरीतून आलं ते आठवत नाही. रावतजींचे किस्से मात्र फॅक्टरीसकट आठवतात. रविवारी दिल्लीत मयूर विहारला आमच्याकडे पुण्या-मुंबईकडची चार घरं जमली की कुणीतरी विचारतंच, "यार, तुझे रावतजी काय म्हणतात?" आयटीवाल्यांना लोखंडाचं कसलं कौतुक, असं मला आधी वाटायचं. पण ऐकतात, चहा गार होईपर्यंत.

आधी कामाचं सांगते. मी प्लाझ्मा कटिंग मशीनची सर्व्हिस इंजिनिअर. या मशीनचा टॉर्च हवा आणि विजेच्या झोताने पोलादाची जाड प्लेट कापतो. टॉर्चच्या तोंडात तांब्याचे दोन छोटे भाग असतात. आत इलेक्ट्रोड, त्यावर टोपीसारखं नोझल. हे झिजले की काप बिघडतो. कड तिरकी येते, खाली वितळलेलं लोखंड चिकटून बसतं. मग कुणीतरी मालक फोन करून म्हणतो, तुमचं मशीन बेकार आहे, आणि आम्ही दोघं निघतो.

दुसरे म्हणजे रावतजी. मूळचे गढवालचे, टेक्निशियन, रिटायरमेंट जवळ आलेली. डिग्री माझ्याकडे आहे, ही गोष्ट पहिल्या दिवशी मला फार महत्त्वाची वाटत होती.

* * *

तो पहिला दिवस फरिदाबादचा. मी गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहीत होते. आतून मशीनचा आवाज येत होता. माझ्या लेखी नुसता गोंगाट. रावतजी थांबले, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाले, "बेटा, इलेक्ट्रोड जाने वाला है।"

आत मालकांनी सांगितलं की इलेक्ट्रोड सकाळीच नवा घातलाय. रावतजी वाद घालत नाहीत. चहा आला. माझा अर्धा कप झाला असेल, तेवढ्यात ठॉक असा आवाज झाला आणि मशीन बंद पडलं. ऑपरेटरने इलेक्ट्रोड काढून आणला. मधोमध मोहरीएवढा ठिपका असतो, तिथे खड्डा पडला होता.

सकाळी इलेक्ट्रोड बदलला होता हे खरं होतं. फक्त त्या फॅक्टरीत नव्यांचा आणि वापरलेल्यांचा डबा एकच होता.

* * *

साहिबाबादला एका ठिकाणी नोझलं अर्ध्या शिफ्टमध्ये जळत होती. मी लॅपटॉप लावून करंट, स्पीड, टॉर्चची उंची, सगळं दोन तास तपासलं. सगळं बरोबर.

रावतजींनी हवेचा पाइप सोडवायला लावला. स्वतःचा चष्मा काढून त्या हवेसमोर धरला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. काचांवर पाण्याचे थेंब. त्या ओल्या काचांमधूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "नोझल को निमोनिया है।"

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला तर पाणी पार दारापर्यंत वाहत गेलं. हवेत पाणी आलं की हे भाग असेच जळतात. तो नळ रोज सकाळी उघडणारा माणूस नोकरी सोडून गावी गेला होता. तो हे काम करायचा, हेच कुणाला माहीत नव्हतं.

* * *

मानेसरचा किस्सा मला स्वतःला फार आवडतो. तिथे फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या गोल चकत्या, कापत होते आणि प्रत्येकाची कड तिरकी. तिरकी कड म्हणजे ग्राइंडरवर घासत बसणं, त्यामुळे चार माणसं दिवसभर तेच करत होती. मॅनेजर वैतागलेला. त्याने दहा-बारा फ्लँज आमच्यासमोर मांडले.

रावतजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ भंगाराच्या ढिगाकडे गेले, उरलेल्या पत्र्याचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मीही फिरवला. काचेसारखी सरळ कड होती.

"आपकी मशीन बहुत बढ़िया काटती है," ते मॅनेजरला म्हणाले. "बस, अच्छा वाला किनारा कबाड़ी को दे रही है।"

टॉर्चमधली हवा गोल फिरते, त्यामुळे पुढे जाताना उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची तिरकी. त्यांचा प्रोग्राम फ्लँजभोवती उलटा फिरत होता. आम्ही काही बदललं नाही, फक्त दिशा फिरवली. ग्राइंडरवाले चौघे पहिला फ्लँज हातात घेऊन एकमेकांकडे बघत होते.

* * *

एक माझाही. एका कस्टमरकडे टॉर्च जोडताना आतल्या रबरी रिंगला मी भरपूर ग्रीस फासलं. हवेची बारीक भोकं बुजली आणि नवंकोरं नोझल सगळ्यांदेखत जळलं. रावतजींनी "गलती हमारी है" एवढंच सांगून दुसरं बसवलं.

परतताना गाडीत मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मेरे हाथ से तो पूरा टॉर्च गया था।"

* * *

आता ग्रेटर नोएडाचा. तिथे मशीनवर सविता नावाची बाई होती. आधी पॅकिंगला होती, बघून बघून मशीन शिकलेली. काही दिवशी दुपारनंतर तिचे काप खराब येत होते आणि मालकांचं ठरलं होतं की बाईमाणसाला नोझल नीट बसवता येत नाही. सोमवारपासून तिला परत पॅकिंगला पाठवणार होते. आमच्याकडून त्यांना फक्त तसं लिहून हवं होतं.

रावतजींनी तिला विचारलं, जुने इलेक्ट्रोड आहेत का? ती आत गेली आणि अंड्यांचा एक ट्रे घेऊन आली. प्रत्येक खळग्यात एक इलेक्ट्रोड, त्याखाली चिठ्ठी. तारीख, प्लेटची जाडी, किती वेळा भोक पाडून काप सुरू केला, सगळं पेन्सिलने लिहिलेलं. काहींच्या चिठ्ठीवर लाल फुली होती. फुलीवाल्यांचे खड्डे खोल आणि एका बाजूला सरकलेले, बाकीच्यांचे अगदी मधोमध.

मी फुलीचा अर्थ विचारला. ती मालकांकडे न बघता म्हणाली, "जिस दिन पीछे पेंटिंग चलती है।"

रंगाचा स्प्रे त्याच कॉम्प्रेसरवर होता. मी टॉर्चपाशी प्रेशरचा गेज लावला आणि मागे स्प्रे चालू करायला सांगितलं. काटा आमच्या डोळ्यांदेखत घसरला, टॉर्चला हवा कमी पडत होती. स्प्रे बंद केला, काटा वर आला. मालकांनी स्वतः पुन्हा एकदा करून बघितलं. मग त्यांनी फोन काढला आणि रंगकामासाठी वेगळ्या कॉम्प्रेसरची चौकशी सुरू केली. पॅकिंगचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी गेज काढून बॅग भरली. गाडी गेटवर आली होती. वळून बघते तर रावतजी निघालेले नव्हते. त्यांनी रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातला होता आणि त्यावर बसले होते. सविता समोर उभी. मांडीवर डायरी उघडून त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"मैडम," ते म्हणाले, "शुरू से बताइए।"