काडीपहिलवानाचं जेवण

गल्लीत त्याला सगळे काडीपहिलवान म्हणत आणि त्याच्या बायकोला नुसतं वहिनी. वहिनींना टोपणनाव नव्हतं असं नाही. ते त्यांच्या पाठीमागे घेतलं जायचं, आणि ते काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काडीपहिलवान घड्याळं दुरुस्त करायचा. जिन्याखालचं अरुंद दुकान, डोळ्याला भिंग, समोर चिमटे आणि इवलाले स्क्रू, आणि हा दिवसभर एका स्टुलावर. म्हणजे अंगमेहनतीनं खाल्लेलं जिरतं म्हणावं, तर तीही सोय नव्हती. सकाळी अर्धा लांबडा पाव, त्यावर बोटभर जाडीचा जॅम. दुपारी डब्यात भाताचा डोंगर आणि पायथ्याशी बटाटे. संध्याकाळी घरात आल्या आल्या केळी, रात्री पुन्हा भात, आणि भाताचं पातेलं खरवडून झालं की लाडीगोडीचा आवाज, "पाव आहे का गं थोडा?" एवढं सगळं पोटात घालून अंगावर मांस म्हणाल तर नाव नाही. लग्नातली पॅन्ट अजून कमरेला ढिली व्हायची. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडून घेतली होती.

वहिनी मात्र पाणी प्यायल्या तरी ते त्यांच्या अंगी लागायचं. बिनसाखरेचा चहा, पावाचा एक तुकडा, चमचाभर भात, आणि तरी दर वर्षी शिवण उसवायची वेळ. 'खायला काळ आणि भुईला भार' अशी म्हण आहे. वहिनी म्हणायच्या, आमच्या घरी म्हणीची वाटणी झालीय. खायला काळ ते, भुईला भार मी.

नवऱ्याच्या हुशारीचा किंवा रूपाचा हेवा करणाऱ्या बायका असतील कुठे कुठे. वहिनींना नवऱ्याच्या जेवणाचा हेवा वाटायचा, आणि तो वरवरचा नव्हता. तो पावाचा तुकडा मोडायचा आणि इकडे वहिनींच्या पोटात आग पडायची. त्याच्या गळ्याचं हाड वरखाली होताना त्या डोळे वटारून बघत बसायच्या. कधी कधी पाव पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायच्या. त्याला तो बरोबर सापडायचा आणि वर कौतुक, "इथे ठेवलास होय? बरं केलंस, मऊ राहिलाय!" एकदा तर चौथ्यांदा भात वाढून घेता घेता तो भाबडेपणानं म्हणाला, "तू थोडं कमी खात जा ना, म्हणजे गुडघे दुखायचे नाहीत." त्या दिवशी वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला, तो केवळ स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून.

वहिनी कामाला होत्या औषधांच्या दुकानात. दाराशी वजनाचं यंत्र होतं. रोज सकाळी ते फडक्यानं लख्ख पुसायचं काम त्यांचं, पण त्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. वजन कमी करायची पावडर घ्यायला गिऱ्हाईक यायचं, डबा हातात घेऊन वाचायचं, मग त्याची नजर काउंटरमागे जायची आणि डबा गुपचूप फळीवर परत. शेवटी मालक चाचरत म्हणाले, "पावडरीचं गिऱ्हाईक आलं की तुम्ही जरा आतल्या बाजूला मोजदाद करत जा."

त्याच इमारतीत वर एक डॉक्टर बसायचे. एकदा ते खाली आले तेव्हा वहिनींनी मनातलं विचारूनच टाकलं. इतका भात, इतका पाव, इतके बटाटे खाऊन माणूस बारीक राहतो कसा? जातं कुठे ते सगळं?

"काहींची घडणच तशी असते," डॉक्टर म्हणाले. "आईबापांकडून आलेली. आणि अशा माणसांना एका जागी स्वस्थ बसवत नाही. जास्त खाल्लं की त्यांचे हातपाय आपसूक जास्त हलतात."

"अहो, पण हे तर दिवसभर बसून असतात!"

"टेबलाखाली वाकून बघा एकदा."

वहिनींनी दुपारच्या सुट्टीत जाऊन खरंच वाकून बघितलं. वर हात इतका स्थिर की केसाएवढा स्क्रू जागेवर बसतोय, आणि खाली दोन्ही पाय शिवणयंत्रासारखे चाललेत. मग एकेक आठवायला लागलं. हा दात घासतो ते घरभर फिरत. फोनवर बोलतो ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत. एखाद्या दिवशी भूक नसली तर ताटाकडे ढुंकून बघत नाही, तसाच झोपतो, आणि सकाळी त्याच्या ते लक्षातही नसतं. त्याचं उरलेलं टाकवत नाही म्हणून खातं कोण? वहिनी.

कारण कळलं, पण त्यानं हेवा तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला. आम्ही मन मारून मारून जगायचं आणि यांनी नुसते पाय हलवायचे! वहिनींनी काउंटरमागे उभ्या उभ्या पाय हलवून पाहिला. थोड्या वेळानं मालकांनी हळूच विचारलं, "बाथरूमला जायचंय का?"

हेही त्यांनी सोसलं असतं. खरा काटा वेगळाच होता. बायको भरलेली आणि नवरा वाळलेला दिसला की जग एकच अर्थ काढतं: ही त्याच्या ताटातलं खाते. गल्लीतल्या बायका हसत हसत म्हणायच्या, "वहिनी, वाटून खा हो!" आणि सासूबाई तर हसतही नव्हत्या. त्या दुसऱ्या गावी राहायच्या आणि दर फोनला त्यांचा एकच प्रश्न, "त्याला पोटभर घालतेस ना गं?" आणि पाठोपाठ एक लांब सुस्कारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. वहिनींना सासूबाईंकडून दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की तुझी चूक नाही, तू करतेस सगळं. त्यासाठी त्यांनी सासूबाईंना महिनाभर राहायला बोलावलं. डोळ्यांनी बघू देत म्हणावं, पातेलं कसं रिकामं होतं ते.

"आईला कशाला एवढ्या लांबून?" काडीपहिलवान दोन-तीनदा पुटपुटला. वहिनींना वाटलं, आपल्या त्रासाची काळजी करतायत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

सासूबाई आल्या. पहिल्याच रात्री वहिनींनी दुप्पट भात टाकला, बटाटे लोण्यावर परतले, पाव गरम केला, आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत वाढलं. सासूबाई लेकाच्या समोर खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून.

"घे रे. अजून घे. एवढंसं काय? हा एक घास माझ्यासाठी."

काडीपहिलवानानं चार चमचे भात खाल्ला, एक बटाटा अर्धा कुस्करला आणि ताट सरकवलं. "पुरे. भूक नाही."

वहिनींचा आ वासलेला तसाच राहिला. सासूबाईंनी आधी भरलेल्या पातेल्याकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि मग वहिनींकडे, वरपासून खालपर्यंत, सावकाश. त्या नजरेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग सासूबाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्यांच्या हातचा मऊ भात, त्यांच्या हातचे खरपूस बटाटे. लेक चिमणीचा घास घ्यायचा आणि उठायचा. पातेली भरलेलीच राहायची. एका दुपारी वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून ते उरलेलं संपवत होत्या, टाकायचं कसं म्हणून. तोंडात बोकणा भरलेला असताना मागून आवाज आला, "असं होय!" सासूबाई दारात उभ्या होत्या. वहिनींना खुलासा करायचा होता, पण बोकणा गिळेपर्यंत सासूबाई शेजारणीकडे पोचल्याही होत्या.

वहिनी तडक घड्याळाच्या दुकानात गेल्या. "काय मांडलंय हे तुम्ही? मला फाशी द्यायचं ठरवलंय का मायलेकरांनी मिळून?"

त्यानं डोळ्याचं भिंग वर केलं. चेहरा अपराधी होता. "आई समोर बसली की घशाखाली उतरत नाही गं. लहानपणी मी खाल्लेला घास न् घास बघायची. ताट संपल्याशिवाय उठू द्यायची नाही. दुपारची संध्याकाळ व्हायची. अजून ती 'घे' म्हणाली की भूकच मरते."

"आणि माझ्यासमोर बरं उतरतं!"

"तू कुठे घे म्हणतेस? तू नुसती रागानं बघतेस." तो थोडा हसला. "रागानं बघणाऱ्यासमोर जेवता येतं."

वहिनींनी त्याचा चेहरा निरखून बघितला. "मग सध्या जगताय कशावर? तोंडावरून उपाशी तर दिसत नाही."

त्यानं चिमट्यानं रस्त्याच्या टोकाकडे खूण केली. तिथे बेकरी होती, आत दोन-चार टेबलं टाकलेली. "चारच्या सुमाराला जातो," तो ओशाळून म्हणाला. "आईला सांगू नकोस."

सांगायचं कशाला? दाखवायचंच. दुसऱ्या दिवशी वहिनींनी दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "चला आई, जरा पाय मोकळे करून येऊ." इतकी वर्षं अंगावर घेतलेला आळ आज उतरणार होता. बेकरीच्या समोर एक बंद दुकान होतं. त्याच्या छपराखाली त्या सासूबाईंना घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, जरा समोर बघा. काचेतून."

काडीपहिलवान आत बसला होता. समोर बटाटा भरलेला मोठा पाव, शेजारी लोण्याचे बन, पलीकडे केकचा जाड तुकडा. दोन्ही हातांत पाव धरून त्यानं असा लचका तोडला की गाल फुगले. चावता चावता तो बेकरीवाल्याशी हसत काही बोलत होता. टेबलाखाली पाय नाचत होते. पाव संपला, बन संपले, केकचा चुरा त्यानं बोटानं टिपून टिपून चाटला, आणि हात वर करून आणखी एक बन मागवला. लहान मुलाच्या तोंडावर असते तशी खुशी होती त्याच्या तोंडावर.

'बघा म्हणावं!' वहिनी मनात ओरडल्या आणि विजयी मुद्रेनं सासूबाईंकडे वळल्या.

सासूबाई हलल्या नव्हत्या. हातातली पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. त्या चिडल्या नव्हत्या की चकित झाल्या नव्हत्या. त्या टक लावून बघत होत्या आणि त्यांचे ओठ जरासे हलत होते, लेकाच्या तोंडाबरोबर, प्रत्येक घासाला. वहिनींनी ती नजर लगेच ओळखली. ओळखणारच. दुसऱ्याच्या ताटाकडे तसं बघण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"माझ्या हातचं कधी असं नाही खाल्लं त्यानं," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "एकदाही नाही."

सासूबाईंनी डोळे काचेवरून काढले नाहीत. तसंच बघत त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे खातो का गं असं? रोज?"

वहिनी याच प्रश्नासाठी तर इथे आल्या होत्या. 'मग हो! रोज! पातेलं खरवडून!' हे उत्तर जिभेवर तयार होतं. पोटातली आग म्हणत होती, बोल, एकदाचं बोलून टाक, तुझी पाळी आलीय. त्यांनी सासूबाईंच्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी सकाळी बटाटे सोलून परतले होते, आणि ते बटाटे घरी अजून तसेच झाकून ठेवलेले होते.

"छे हो आई," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे कुठलं? तुम्ही बघताय ना घरी. असंच, चार चमचे आणि पुरे."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला. "तरीच!" त्या म्हणाल्या. "तरीच वाळलाय पोर माझा. मी पहिल्यापासून म्हणत होते. दोष तुझा नाही म्हणा, हाताला चव असावी लागते, ती सगळ्यांकडे नसते."

"नसते," वहिनी म्हणाल्या.

रस्ता ओलांडताना सासूबाईंनी त्यांचा दंड धरला आणि जरा चाचपला. "तुला मात्र तुझ्या हातचं छान मानवतं हं," त्या म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदाच मनापासून हसल्या.